गणंग

माजं माहेर सावंतवाडीकडचं. लग्न करून लालबागला आले ती गिरणीवाल्यांच्या घरात, आणि गिरणी बंद पडली तेव्हा सासूनं शेगडी पुढ्यात ठेवली, बोलली मके भाज. तेव्हापासून परळच्या नाक्यावर मी. काय सांगू तुमाला, लोक मका मका बोलतात, पण सगळा मका एक नसतो. भाजायला देशी, पांढरा, निखाऱ्यावर खरपूस होतो. कॉलेजच्या पोरी मागतात तो पिवळा, गोडा, अमेरिकन, तो उकडायचा आणि मीठ-लोणी लावायचं. पिठाचा आणखी वेगळा, त्याची भाकरी माजी सून दीपाली करते, झकास करते. आणि लाह्यांचा बारीक, टणक, खड्यासारखा. त्यानंच आमचा आरव नेला असता.

रविवारची दुपार, दीपालीनं लाह्या फोडलेल्या, माजा मुलगा महेश मॅच बघत होता, आणि नातू आरव, दीड वर्षाचा, खाली वाडग्याजवळ. तिकडं कोणतरी आउट झाला, आमी ओरडलो, पोरगं पण तोंड उघडून हसलं, आणि हसता हसता ठसका. असा ठसका, अहो, ओठ निळे. मी पालथा घातला मांडीवर, पाठीत मारलं, मारलं, तेव्हा रंग परत आला. महेश बोलला, झालं, गेलं खाली. पण मी छातीला कान लावला तर एका बाजूला बारीक शिटी, दुसरीकडं काय आवाजच नाय. मी बोलले टॅक्सी आण. तो बोलला आई, उगाच घाबरवू नको, हसतोय बघ. हसत होता खरा, पण बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते. दीपालीनं ते बघितलं आणि पोराला उचलून जिना उतरली पण, अनवाणी.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीण. एक्स-रे काढला, त्यात दाणा काय दिसेना. तिनं विचारलं, काय खाल्लं? महेश बोलला मका. ती बोलली कुठला, उकडलेला की सुका? मी बोलले सुका, लाह्यांचा, फुटायचा राहिलेला, आमी गणंग बोलतो त्याला. तशी ती उठलीच, बोलली सुका दाणा आत ओलाव्यानं फुगतो, थांबायचं नाय, भूल देऊन दुर्बिणीनं काढू. मी विचारलं, निघेल ना? ती बोलली, प्रयत्न करू आजी. प्रयत्न.

दार बंद झालं. महेश इकडून तिकडं चालत होता. दीपाली एकच धरून बसली, आई, लाह्या मी फोडल्या, मी फोडल्या. तिचे पाय गार पडलेले, मी माज्या चपला काढून तिच्या पायात घातल्या. मग आतून रडणं आलं, आरवचंच, आणि महेश भिंत धरून खाली बसला.

डॉक्टरणीनं दाणा दाखवला. फुगून मऊ झालेला, एवढासा.

आता घरात लाह्या नाय. नाक्यावर मी बसतेच, पोट आहे. कडेवर लहान पोर घेऊन कोण आलं की मी सांगते, ताई, दाणे ठेचून भरवा हां. काही जणी रागावतात. रागावू देत.

आरव जिन्यावर बोंबलत पळतो, शेजारीण बोलते, ह्याला आवरा की हो. मी नाय आवरत. बोंबल रे बाळा, छाती भरून बोंबल, शंभर वर्षं बोंबल.