थांब म्हणणारा

मंडळी, आज एकच सवाल! आपल्या आत बसून जो "मी, मी" करतो ना, तो राहतो कुठं? आणि तोच बिघडला, तर पापाचा धनी कोण? सांगा! बरं, आधी गोष्ट ऐका.

पन्हाळ्याच्या पायथ्याला आबाजी गुळव्या. गुऱ्हाळावर गूळ उतरवणारा. इतका मवाळ, की बैलावर आसूड उगारायचा तरी आधी बैलाची माफी मागेल! आणि एका हंगामात हा माणूस बदलला. शिव्या! आदळआपट! एका दुपारी बायको, गोदाक्का, एवढंच म्हणाली, "अवं, जेवून घ्या." उकळत्या काकवीचा तांब्याच फेकला की हो तिच्यावर! दंड सोलून निघाला.

तिचा भाऊ तातोबा धावत आला. "आक्का, चल माहेरी! ह्यो आता मानूस ऱ्हायला न्हाई."

गाव म्हणालं, करणी! गाव काय, ढेकर आली तरी करणीच म्हणतं!

पण गोदाक्काची नजर रस उकळायच्या काहिलीकडं. रस करपत होता, धुरानं तिचे डोळे चुरचुरत होते अन् आबाजी शेजारी उभा, ढिम्म!

"तुमास्नी वास येत न्हाई?"

"कसला वास?"

गुळव्याला करपट कळेना? "तातोबा," ती म्हणाली, "माहेरी न्हाई. दवाखान्यात चल."

मेंदूचा फोटो निघाला. कपाळामागं, मेंदूला रेटून बसलेली लिंबाएवढी गाठ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वासाची वाट इथूनच जाते. रागाला लगाम घालणारा मेंदूही इथंच. गाठ काढू. पण पूर्वीचा माणूस परत मिळेलच, असं वचन देत नाही."

मंडळी, ती बाई दाराबाहेर बसली. भाजलेला हात पदराखाली. आत कवटी उघडलेली! नवरा जगेल का, ही एक भीती. अन् जगला तर कोण होऊन उठेल? ही त्याहून मोठी!

शुद्ध आली. आबाजीनं डोळे उघडले. तिच्या दंडाकडं बघितलं. गोदाक्काचं अंग आक्रसलं...

"गोदे," तो पुटपुटला, "मला समदं दिसत हुतं. पर थांब म्हननारं आत कुनी नव्हतं गं." आणि ढसाढसा रडला!

तातोबा म्हणाला, "दाजी, तुमचा दोष न्हाई. गाठीचा हुता."

"पर हात माझा हुता," आबाजी म्हणाला. "मलम मीच लावनार."

आता उद्या कुणी घरात थयथयाट करून म्हणेल, "महाराज, माझ्याबी मेंदूत गाठ असंल!" बाबा, तपासून घे जरूर! अन् नाही निघाली, तर बायकोचे पाय धर!

हसू नका! तुमच्या घरी कुणी असं अचानक परकं झालंय? वाईट ठरवून दार लावलंत, की गोदाक्कासारखं एकदा नीट बघितलंत? आणि ज्यांच्या कपाळामागं काहीच रेटत नाही, त्या तुमच्या-माझ्या आत तो "थांब" म्हणतोय. रोज म्हणतोय! ऐकतो का आपण?

जोडा हात. आधी त्याचं ऐकू, मग देवाला हाक मारू!