लॉर्डसाहेबांचा ज्युपिटर

तिसऱ्या जॉर्ज राजाच्या लंडनमध्ये लॉर्ड हेस्कम यांच्या दिवाणखान्याबाहेर साबणवाले पिंकनी आणि त्यांची बायको ताटकळत बसली होती. त्यांच्या मुलीची लॉर्डसाहेबांच्या मुलाशी सोयरीक जुळायची होती. दाराशी टोबायस हा नोकर उभा होता. तोंड बंद ठेवण्याचा त्याला पगार होता, कान बंद ठेवण्याचा नव्हता.

"अहो, वर छताकडे बघा."

"बघतोय. मधोमध देवांचा राजा ज्युपिटर. खाली बसणाऱ्यानं आपली पायरी ओळखावी म्हणून असतो तो."

"ओळखली. हा आपल्या जेवणघरातलाच ज्युपिटर आहे."

"काहीतरीच!"

"शेजारचा गरुडही तोच, अजीर्ण झाल्यासारखा. गिलावेवाल्यानं एकाच साच्यातून दोन्ही घरचे देव काढलेत."

"हळू बोल! साबणवाल्याच्या डोक्यावरही हाच देव आहे हे कळलं, तर सोयरीक मोडलीच."

"आपल्याकडच्याला सोनेरी मुलामा आहे, हं."

"बाई गं, इथे मोठेपणा नको काढूस!"

दार उघडून लॉर्डसाहेब स्वतःच बाहेर आले.

"काय पिंकनी, कसं वाटलं आमचं छत?"

"असं छत जन्मात पाहिलं नाही, साहेब."

"कसं पाहाल? दुसरं नाहीच! बरं, सोयरीक मान्य. गुरुवारी सगळं घराणं घेऊन तुमच्याकडे जेवायला येतो."

लॉर्डसाहेब आत गेले. दोघांनी पुन्हा वर ज्युपिटरकडे पाहिलं.

"अहो, जेवण बागेत ठेवू या."

"जानेवारीत?"

"खानदानी लोकांतली नवी रीत आहे म्हणून सांगा. कुडकुडतील, पण ठाऊक नव्हती असं म्हणायचे नाहीत."