आईच्या ट्रेलरला एसी

— नाही नाही, पुढून नका चढू दादा, तिथला पत्रा दबतो. मागून चढा, शिडी त्या भिंतीच्या कडेला टेका — हां, अशी. हलतेय का? मी धरते, घाबरू नका. तो झरोका दिसला ना, प्लास्टिकच्या झाकणाचा? तो काढून तिथेच एसी बसतो म्हणे. दुकानातल्या माणसानं मला कागदावर चित्र काढून दाखवलं — वरून मशीन ठेवायचं, खालून जाळी लावायची, झालं. आता तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचं रोजचंच काम. चौदा इंच भरायला पाहिजे म्हणाला. भरतंय? बघा! मी स्टुलावर चढून मापलं होतं, शिवणाच्या टेपनं. — भाजला का हात? सांगणारच होते मी. अकरा वाजले की त्या पत्र्यावर हात ठेववत नाही. आतून तर विचारू नका, छताला डोकं लागतं आपलं, आणि ते छतच तव्यासारखं.

फिरायला? हो, फिरायलाच घेतला होता. आमचे हे गाडी चालवायला शिकवतात — म्हणजे दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुकांसाठी ब्रेक दाबायचा. एवढ्या गाड्या शिकवल्या, पण जायचं कुठेच नाही, म्हणून हौसेनं हा जुना ट्रेलर घेतला, गाडीमागे ओढायचं घरच म्हणा, दोन माणसांपुरता. तीन वेळा गेलो. चौथ्यांदा चाक जाम झालं, ओढत आणून इथे भिंतीशी लावला तो लावलाच. चाकं काढून खाली विटा ठेवल्यात, पाहिलंत ना? आता कसला फिरतोय तो! — नाही, राहतं कोणीतरी. म्हणजे आई. माझी आई. पण ती स्वतःच म्हणाली होती हं, मला इथंच आवडतं, माझं वेगळं दार आहे म्हणून. घरात आमच्या एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील गेले, तिला एकटीला तिकडे ठेवायचं कसं, मी एकुलती एक, मग आणलं. पहिले दोन महिने घरातच होती. पण ती उठायची पहाटे, भांडी घासायची — घासलेलीच परत घासायची. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती ना ती, तीस वर्षं, काचेच्या नळ्या धुण्यात जन्म गेला सगळा. हे म्हणाले, एक तर मला झोप मिळू दे, नाहीतर — नाहीतर काय ते बोलले नाहीत. भले आहेत हो. बोलत नाहीत एवढंच. ट्रेलरचा दिवा, पंखा सगळं त्यांनीच करून दिलं.

काय म्हणालात? लाकूड मऊ लागतंय? कुठे, झरोक्याच्या कडेला? पाणी गळायचं तिथून, पण आम्ही डांबर लावलं होतं. स्क्रूड्रायव्हर आत जातो म्हणजे — केवढा जातो? अरे देवा. मग पेलणार नाही का? तीस-पस्तीस किलो तर म्हणाला तो. आतून पट्ट्या मारल्या तर? लोखंडी अँगल? मारा की मग, मारा, मी कुठे नाही म्हणतेय, पण आजच्या आज झालं पाहिजे. उद्या अकराला तिला सोडतायत. दवाखान्यातून. नऊ दिवस झाले. — नाही, पडली-बिडली नाही. ऊन लागलं.

या, खाली या आधी, पाणी घ्या. आतून बघायचंय? या ना. डोकं सांभाळा. या चिठ्ठ्या का, आईनं चिकटवल्यात. चमचे. गोळ्या. टॉवेल. प्रयोगशाळेची सवय, बाटलीवर नाव नसलं तर ती बाटली फेकून द्यायची म्हणे. अक्षर बघा कसं आहे, छापल्यासारखं. या इथल्या नंतरच्या, जरा वाकड्या झाल्यात. ही बघा, आरशावर — 'मी'. मला हसू आलं होतं तेव्हा. मी म्हटलं, आई, अगं हे काय? तर म्हणाली, असू दे गं, उपयोगी पडेल. विनोद होता का काय होतं, मला अजून कळलं नाही.

खिडकी नाही उघडत ती. दोन्ही नाही उघडत. ओढू नका, स्क्रू मारलेत. ह्यांनी मारले. कारण ती निघाली होती ना खिडकीतून, त्या वयात! आधी दोनदा दारातून गेली होती. एकदा बसडेपोत सापडली, किल्ल्यांचा जुडगा हातात, म्हणे प्रयोगशाळा उघडायची आहे, मुलं उन्हात उभी असतील. ती शाळा पाडली त्याला सात वर्षं झाली. दुसऱ्यांदा तर हायवेच्या मधल्या पट्टीवर. ट्रकवाल्यानं आणून सोडली. तुम्हीच सांगा, काय करायचं माणसानं? नोकरी सोडायची? चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासते मी, बावीस वर्षं झाली, मालक चांगला आहे पण बारा महिने तेरा काळ रजा कोण देणार? दारावर—

हो. बाहेरूनच आहे कडी. वाकलीय ती शेजारच्या पोस्टमनकाकांनी हातोडा मारला म्हणून. कुलूप होतं. — असं बघू नका हो माझ्याकडे. मी काय कोंडून ठेवून सिनेमाला जात होते? सकाळी नऊला तिचं आंघोळपाणी, चहा, नाश्ता करून निघायची. एकला दुकान बंद होतं जेवणाला, की मी पळत घरी. तिला जेवायला घालायचं, दार उघडं टाकून तासभर बसायचं, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या, अडीचला परत कुलूप. सहाला घरी. अकरा महिने, एक दिवस चुकले नाही. एक दिवस. तो एक दिवस चुकला. दुकानात गर्दी होती फार, निघताच आलं नाही. सगळ्यांना माहितीये ते. गर्दी होती.

दीडला लाइट गेली इथली. पंखा बंद, खिडक्या बंद, वर हा पत्रा. पोस्टमनकाका रोज दुपारी त्या भिंतीपलीकडे बाजेवर पडतात, त्यांना ह्या पंख्याची घरघर ऐकायची सवय झालेली — तुमच्या पंख्याशिवाय झोप लागत नाही म्हणायचे. ती घरघर नाही, म्हणून तासभर कूस बदलून शेवटी उठले. म्हणजे झोप मोडली ती आवाजानं नाही, आवाज नव्हता म्हणून. काचेतून पाहिलं. आई दाराशी स्टुलावर बसलेली. केस विंचरलेले, पायात चपला, पर्स मांडीवर. बस येईपर्यंत बसतात ना बायका, तशी. त्यांनी काच वाजवली तर मान वळवून हसली म्हणे. आणि मग हसतच कलंडली. अडीच वाजले होते तेव्हा.

दोन दिवस शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, मला ओळखलं — रोज ओळखत नाही, त्या दिवशी ओळखलं — तर मी म्हटलं, आई, तू ओरडली का नाहीस गं? भिंतीपलीकडे माणूस होता. दार तरी वाजवायचंस. तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, ओरडले असते तर लोक जमले असते, आणि सगळ्यांना कुलूप दिसलं असतं. तुलाच नावं ठेवली असती. — सगळं विसरते हो ती. जेवली की नाही ते विसरते, वडील गेले ते विसरते, रोज नव्यानं विचारते. आणि हे मात्र, त्या भट्टीत बसून, हे तिच्या लक्षात राहिलं.

असो. तर अँगल मारा तुम्ही. आणि वायर थेट मीटरपासून ओढायची असेल तर तीही ओढा, स्वयंपाकघरातल्या प्लगवर जोर येईल म्हणत होतात ना. लाइट गेली तर बॅटरी लागेल? मोठी? हा एसी बॅटरीवर फार वेळ नाही चालायचा? किती वेळ — अर्धा तास? मग जनरेटर. मग जनरेटर लावू. काहीही करा दादा, पण आत गारवा राहिला पाहिजे, म्हणजे कसं, एसी असला की मला दुपारी यायला नको—

तसं नाही. तसं नाही म्हटलं मी. म्हणजे एखाद्या दिवशी उशीर झाला तर, असं म्हणायचं होतं. जीभ घसरते माणसाची. तुम्ही हत्यारं का भरताय? अहो, पिशवी का बांधताय, मी तुम्हाला काय बोलले? — कडी काढली तरच काम करणार? हे कोण ठरवणार, तुम्ही? पत्रा तपासायला बोलावलंय की मला? येता काय, दहा मिनिटं डोकं आत घालता काय, आणि लगेच न्यायाधीश! तुमची आई कुठे असते हो? कोण बघतं तिला? तुम्ही बघता, का बायकोच्या गळ्यात बांधलीत?

... कधी?

मला माहीत नव्हतं. माफ करा. नाही, खरंच, बसा, बसा पायरीवर. सावली आहे तिथे. काय झालं होतं — नको, नका सांगू. मीच बोलते. आता बोललेच आहे एवढं तर. गर्दी नव्हती. कुत्रंसुद्धा नव्हतं दुकानात. मालक बाहेरगावी, एक वाजला, शटर अर्धं ओढलं, पर्स उचलली, आणि माझे पाय निघेनात. पुढे डोळे तपासायची खुर्ची आहे, मागे कलती होते ती. बावीस वर्षांत मी कधी बसले नव्हते त्या खुर्चीत. म्हटलं, पाचच मिनिटं. दुकानात एसी आहे — काचा घासणाऱ्यांसाठी नाही हो, गिऱ्हाइकांसाठी. आइस्क्रीम आणलं शेजारून. हे नका कोणाला सांगू. पाय वर घेऊन, एकटीनं, आइस्क्रीम खाल्लं मी. कोणी हाक मारत नव्हतं. कोणाचं काही पुसायचं नव्हतं. समोर भिंतीवर ती अक्षरं, वर मोठी, खाली बारीक बारीक होत गेलेली, ती वाचत पडले होते. आणि दादा — दिवे फडफडले. मधेच. एकदा अंधार झाला आणि मागे जनरेटर सुरू झाला. म्हणजे लाइट गेलीय हे मला कळलं होतं. आमची आणि दुकानाची लाइन एकच, दुकानातली गेली की घरची जातेच. पंखा बंद पडला असणार, हे माझ्या मनात आलं. स्पष्ट आलं. आणि मी काय केलं? डोळे मिटले. मनात म्हटलं, येईल आत्ता. सगळीकडची येते. झोप लागली मला, दादा. असली गाढ झोप, कित्येक वर्षांत लागली नव्हती. जागी झाले तर फोनवर सात मिसकॉल.

ह्यांना नाही सांगितलं. डॉक्टरांना नाही. डॉक्टरांनी तर खांद्यावर हात ठेवला माझ्या, म्हणाले, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मी मान डोलावली. अहो, मी चक्क मान डोलावली!

थांबा हं, फोन वाजतोय. वॉर्डातून आहे. सिस्टर चांगल्या आहेत तिथल्या, तिचं जेवण झालं की लावून देतात. — हॅलो. हो सिस्टर, द्या तिच्याकडे. — आई? जेवलीस? काय होतं? ... बरं. अगं मीच बोलतेय. मी. तुझी मुलगी. ... हो, उद्या. अकराला मी येते घ्यायला. ... नाही, ट्रेलरमध्ये नाही, घरात झोपायचं, माझ्याजवळ. ... ते काय, ते झोपतील ट्रेलरमध्ये. झोपू दे की त्यांना, त्यांच्याच हौशीचा आहे तो. ... नाही गं, घाई नाही, दुकानात गर्दी नाही आज. आई, ऐक. ऐकतेस? त्या दिवशी पण गर्दी नव्हती. ... ज्या दिवशी तू दाराशी बसली होतीस ना, त्या दिवशी. मी दुकानात नुसती बसले होते. मला कळलं होतं लाइट गेली ते, आणि मी उठले नाही. आई, मी मुद्दामच उठले नाही. ... आई? ... आहेस ना?

... काय?

... हो. जेवले होते. नाही, जेवले नव्हते, आइस्क्रीम खाल्लं होतं. ... एकटीनंच. ... हो गं, झोप पण लागली. ... छान लागली. ... नाही, रडत नाही. ... नाही म्हटलं ना.

तुम्ही जा, दादा. आजच्या आज नको आता काही. शिडी राहू दे इथेच, उद्या संध्याकाळी न्या. जा ना आता.