कडी असलेली खोली

ऐका मंडळी! आज एकच प्रश्न विचारतो. कमी मागणारा माणूस नेहमी पुण्यवानच असतो का? माना डोलवू नका — मीही काल घरी आरशासमोर मान अशीच डोलावली होती, आणि हे आख्यान आठवलं तशी ती खाली गेली!

पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी होती. तिच्या हिशेबखात्यात त्र्यंबकराव हळबे. काम काय? दौऱ्यावरून कुणी आलं की त्याची खर्चाची बिलं नियमाशी ताडून बघायची, बसेल ते ठेवायचं, बाकी लाल पेनाने कापायचं, आणि मग कागद पुण्याच्या मुख्य कचेरीला धाडायचे. मोठा सचोटीचा माणूस! पण या सचोटीला ना मंडळी, एक गोड वास येत होता. अत्तर लावलेल्या माणसाला जसं वाटतं ना, की सगळ्यांनी आपल्या बाजूने जावं — तसं त्यांना वाटायचं. मला काय विचारता कसं कळलं? मीही सत्काराची शाल मिळाली की उन्हाळ्यात पांघरून हिंडतो!

त्र्यंबकराव स्वतः वसुलीच्या दौऱ्यावर जात. घरची भाकरी बांधून न्यायची, मठात सतरंजीवर झोपायचं, आणि बिलात फक्त एसटीचं तिकीट. वर पुण्याच्या मथुरेसाहेबांना त्यांनी आपणहून कळवलं — लॉजच्या भाड्याची मर्यादा निम्मी केली तरी माझ्या अनुभवाने सहज भागतं. साहेबांना तेच हवं होतं! मर्यादा निम्मी झाली, आणि परिपत्रकात हळब्यांचे जाहीर आभार. त्र्यंबकरावांनी तो कागद घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला. ती माउली म्हणाली, छान, आता दळण आणा.

त्याच कंपनीत मृदुला पाटोळे नावाची इंजिनीअर. गावोगाव जाऊन बिघडलेले पंप दुरुस्त करायची. तिचं एका लॉजचं बिल मर्यादेबाहेर गेलं. त्र्यंबकरावांनी कापलं, वर चार लोकांत उपदेश केला — मॅडम, मी तर मठात झोपतो! पुढच्या महिन्यापासून तिची सगळी बिलं बरोब्बर नियमात. त्र्यंबकराव सगळ्यांना सांगत सुटले, बघा, शिस्त लावली की लागते.

पुढे काय झालं, दोघांना एकाच तालुक्याच्या गावी जावं लागलं. तिला पंप बघायचे, यांना वसुली करायची. मठात उत्सव, पाय ठेवायला जागा नाही. गेले बिचारे नियमात बसणाऱ्या लॉजवर. दिवेलागणीला आपल्या खोलीकडे निघाले, तर शेजारच्या खोलीत मृदुला लोखंडी टेबल ओढत दाराशी नेत होती. यांना वाटलं, हिशेब लिहायला बसणार असेल. कौतुकाने विचारलं, काय चाललंय?

ती म्हणाली, "दाराला कडी नाही काका. टेबल लावून ठेवलं की कुणी दार ढकललं तर आवाज होतो, मला जाग येते."

"मग स्टँडजवळच्या चांगल्या लॉजवर का नाही गेलात?"

"त्याचंच बिल तुम्ही कापलं होतंत. आता सगळीकडे असंच झोपते."

मंडळी, ती रागावली असती तर बरं झालं असतं! ती टेबलाचा पाय नीट बसवत होती. त्र्यंबकरावांना उमगलं, आपण महिनोन् महिने जे नियमात बसवलं, ते या पोरीची झोप मोडून बसवलं. स्वतः पुरुषमाणूस, मठात घोरत होतो, आणि त्या घोरण्यावर हिचा दर ठरवला! लाज वाटली हो त्यांना, अगदी रडू येईल इतकी.

त्यांनी तिथल्या तिथे दोघांचं सामान उचलायला लावलं. स्टँडजवळच्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या, तिच्या दाराची कडी स्वतः लावून बघितली. आणि आता बघा, अहंकार किती चिवट! मनात आलं — दोन्ही खोल्यांचे पैसे आपणच खिशातून भरू. केवढं औदार्य! अत्तराची बाटली पुन्हा उघडली! तसं तिला सांगितलंही. तर ती म्हणाली, "आणि पुढच्या महिन्यात काका? मी एकटीच असेन."

परत आल्यावर त्र्यंबकराव स्वतःचं बिल तपासायला बसले. नियमाप्रमाणे कापायला हवं होतं. त्यांनी दोन्ही खोल्यांचं भाडं पूर्ण लावलं, कारणाच्या रकान्यात लिहिलं — दाराला कडी असलेली खोली. सोबत पत्र, की माझी जुनी शिफारस चुकीची होती, मर्यादा पूर्ववत करावी.

तिसऱ्या दिवशी मथुरेसाहेबांचा फोन! सगळं ऑफिस कान टवकारून बसलेलं. साहेब म्हणाले, "हळबे, तुम्हीसुद्धा खर्च लावायला लागलात?"

जन्मभर जपलेलं नाव, मंडळी! "चूक झाली" म्हणून बिल मागे घेतलं असतं तर नाव वाचलं असतं. पण त्र्यंबकराव म्हणाले, "लावला साहेब. पुढेही लावीन. मी जिथे झोपलो, तिथे तिला झोपता येत नाही."

मर्यादा वाढली. आभाराचं परिपत्रक आलं नाही. उलट पुण्याला हळब्यांची बिलं तेव्हापासून दोनदा तपासू लागले. आणि मृदुला पाटोळे दौऱ्यावर कडी लावून झोपू लागली.

आता तुम्ही! "आमच्या वेळी नव्हती हो धुणीभांड्याला बाई" असं सुनेला ऐकवणाऱ्या सासूबाई, खाली बघू नका. "मी कधी रजा घेतली नाही" म्हणणारे साहेब, तुमच्या हाताखालच्यांना ताप येत नसेल का? आणि तुमच्यापुढे कीर्तनाला उभे असलेले हे बुवा! गावभर मिरवतात, आम्ही मानधन घेत नाही. मग समिती म्हणते, बुवाच घेत नाहीत तर तबलजींना कशाला? गोविंदराव, तबल्यावरची मान वर करा. आज दक्षिणेचं ताट फिरेल, ते आधी तुमच्यापुढे थांबेल, आणि नंतर माझ्यापुढे. मी घेणार आहे. मिरवायला काही उरणार नाही, पण घेणार आहे. म्हणा — रामकृष्ण हरी!