हात लावू नये

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मी बसले होते. शेजारच्या संशोधक मुलीच्याही डोळ्यांत थेंब होते. सोबत तिचा प्रयोगशाळेतला सहकारी होता. मला दिसत काही नव्हतं, कान मात्र शाबूत होते.

“त्याच नदीचा पूर माझ्या प्रोग्रामात तुझ्यापेक्षा हातभर जास्त चढतोय,” तो म्हणाला.

“मग तुझंच चुकलं असेल.”

“असेलही. तुझा कोड दाखव, ताडून बघू.”

“सरांनासुद्धा कधी दाखवला नाही मी तो. आणि संध्याकाळी जर्नलला पेपर जायचाय, माझा पहिला.”

“मग स्वतःच तपास.”

“या डोळ्यांनी?”

“मी वाचतो, तू ऐक.”

“...घे लॅपटॉप. आणि हसलास तर बघ.”

“हं. पाणी बांधावरून पलीकडे जातं, तिथे तू लिहिलंयस, ‘हे का चालतं ते माहीत नाही. कृपया हात लावू नये.’”

“अरे, ती सूचना माझी मलाच होती!”

“हसत नाहीये गं. मीही तिथे अंदाजानेच एक आकडा ठोकून दिलाय.”

“तिथेच?”

“तिथेच. कुणाला बोललो नाही.”

“म्हणजे दोघांचंही चुकलं असेल.”

“मग पेपर?”

“सरांना फोन लाव. आज जात नाही म्हणावं. आणि आता तुझा कोड वाच, सावकाश.”