होडीला कळतं

तेव्हा रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचची वाट बघण्यातच सकाळ सरायची. अठ्ठावन्न सालच्या एका धुकट सकाळी सत्यवती गाठोड्यावर बसली होती. तिच्या पाठीशी दोन म्हातारे कोळी बोलत होते.

"तुळशा, गोळ्या बंद केल्यास म्हनं?"

"फेकल्या खाडीत. कान्हादा, छाती बघ माझी. आता चोळी शिवायचीच राहिली."

"माझी पन तशीच हाय. लघवीच्या जागेचा कॅन्सर त्या बायकी गोळ्यांनीच दबून ऱ्हातो. डाक्टर बोलला न्हाय तुला?"

"बोलला. पन आपल्या होडीला बाई चालत न्हाय. तिला काय सांगू?"

"ती लाकडाची हाय, येड्या."

"लाकडाला कळतं. मी पाय ठेवला की फळीखालून हाक येते."

"काय म्हनते?"

"म्हनते, बाय, उतर."

सत्यवतीने पदर घट्ट ओढून घेतला.

"मला पन म्हनते," कान्हा हळूच म्हणाला.

"तुला? मग तू काय करतोस?"

"म्हनतो, बसले गं, राहू दे. आन् जालं टाकतो."

"गप ऱ्हाते?"

"ऱ्हाते. मासली पन देते. गोळ्या सोडल्यास तर होडी ऱ्हाईल, तू न्हाय ऱ्हायचास. आज परत मागून घे."

"मला लाज वाटते. तू बोलशील डाक्टरशी?"

"म्हनून तर तुझ्यासंगती निघालो."

लाँच धक्क्याला लागली. "बायकामानसं आधी!" खलाशी ओरडला.

सत्यवती फळीवर चढली. मागून कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला.

"जरा सरक गं बाय," तुळशीराम म्हणाला, "आमी दोघी हाव."