कचऱ्याच्या डब्यात ठेवलेला आवाज

मी, भैरू कोंडिबा शेडगे, वय २३, शिक्षण चौथी, धंदा न्हावा शेव्याला कंटेनरमधला माल उतरवणे, राहणार बोनकोडे, वामन पाटील यांची चाळ, मूळ जिल्हा सातारा, समक्ष हजर राहून परत तेच सांगतो की, लॅपटॉप अर्धा धनाजीचा असला तरी आवाज अख्खा माझ्या आईचा होता.

धनाजी माझ्याच गावचा, एकाच खोलीत राहतो. हमाली सुटून ऑफिसात काम मिळावं म्हणून आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे घालून हा जुना लॅपटॉप घेतला. त्यात जागा एवढीशी. एक टाकायचं तर दुसरं काढावं लागायचं.

गेल्या वर्षी, १९९८ साली, आई औषधपाण्यासाठी आली होती. तेव्हा गंमत म्हणून मी तिला लॅपटॉपसमोर बोलायला लावलं. "चालू हाय का रं ह्ये? वैष्णवीला म्हनावं, शेळीला एकटीला बांधू नगं." पुढं नुसता खोकला. वैष्णवी माझी बहीण, गावी असते. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई वारली.

आमच्या खोलीत सहाजण आहेत. ट्रंकेत मावत नाही ते गोणीत भरून जिन्याखाली ठेवतात. दुसऱ्याच्या गोणीला कोणी हात लावत नाही. तसंच समजून मी आईचा आवाज लॅपटॉपमधल्या कचऱ्याच्या डब्यात ठेवला होता. तिथं ठेवलेलं जागा अडवत नाही असं मला वाटलं. रविवारी बाहेर काढून ऐकायचो, परत ठेवायचो.

काल कामावरून आलो तर धनाजी खुशीत होता. म्हणाला, "भैऱ्या, सगळा कचरा साफ केला बघ. टायपिंगचा प्रोग्राम बसला एकदाचा!"

डबा रिकामा होता. मी त्याच्या तोंडावर मारलं. त्याचा ओठ फुटला, हे खरं आहे. त्यानं उलट हात उचलला नाही. "अरे, आईला कोण कचऱ्यात ठेवतं?" एवढंच बोलला. त्यावर मी त्याला दुसऱ्यांदा मारलं. मग घरमालक वामनशेठ यांनी मला धरलं आणि चौकीत आणलं.

धनाजीविरुद्ध माझी तक्रार नाही. लॅपटॉप त्यानंच ठेवावा.

सोमवारी आईचं वर्षश्राद्ध आहे. लॅपटॉपमधल्या आवाजाचं वैष्णवीला सांगितलं होतं, तेव्हा तिनं फोनवर विचारलं होतं, "दादा, आईला आणतोस ना?" मी हो म्हणालो होतो.

वरचं सगळं हवालदारांनी मला वाचून दाखवलं, मी सांगितलं तसंच उतरलं आहे. खाली एवढं जोडून घ्यावं की, मी गावी जाणार नाही, विधी चुलत्यांनी करावा. वैष्णवीच्या नावे मनिऑर्डरनं सातशे रुपये पाठवतोय, त्यात तिनं दुसरी शेळी घ्यावी.